रानमेवा परसदारी

(डिचोली तालुक्यातील एका ग्राम वाचनालयात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या वाचनालयाच्या कार्यवाहांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी शासकीय योजनांविषयी चार शब्द बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. प्रसिद्धी अधिकाऱ्याकडून लोक तेवढेच अपेक्षितात आणि त्यात त्यांची काही चूक नाही. योजनांची पत्रके मी आणली आहेत. ती दाराजवळच्या मेजावर ठेवली आहेत आणि जाताना प्रत्येकाने अवश्य न्यावीत. परंतु आज मला बोलावयाचे आहे ते करवंदांविषयी. मी कलाशाखेचा पदवीधर आहे. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध शाळेतच संपला. तेव्हा मी जे सांगेन ते शास्त्रज्ञाचे प्रवचन नव्हे. काही ऐकीव, काही वाचलेले आणि बरेचसे चुका करून शिकलेले असे ते असेल.

इकडे येताना वाटेवरच्या वळणावर एक बाई टोपली पुढे घेऊन बसलेल्या दिसल्या. पानांच्या द्रोणांत भरलेली काळी करवंदे त्यांनी फडक्यावर ओळीने मांडली होती. मी दोन द्रोण घेतले. एक गाडीतच संपला हे कबूल केले पाहिजे. दुसरा आता तुमच्यामध्ये फिरवावयास देत आहे. प्रत्येकाने एक-एक करवंद घ्यावे, मात्र त्यातील बिया गिळू नयेत. खिशात वा पदरात कागदाचा कपटा असेल त्यात त्या गुंडाळून ठेवाव्यात. त्यांचे काय करावयाचे ते पुढे सांगतो.

बी गरात दडलेल्या अशा लहान, रसाळ फळांना इंग्रजीत एक स्वतंत्र जातिवाचक शब्द आहे. आपल्याकडे तो नाही. आपण रानमेवा म्हणतो आणि मग एकेकाचे नाव घेतो: करवंद, जांभूळ, तोरण, जगम, बोर, भिरंड, आवळा. बोलीत ही नावे आणखी गोड होतात. करवंदाची कांटां होतात, तोरणाची चुन्नां होतात. ही नावे थोडीथोडकी जुनी नाहीत. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 साली गोव्यात आला आणि 1568 साली मरेपर्यंत येथेच राहिला. येथील औषधी व फळे यांविषयी त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ 1563 साली गोव्यातच छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी तो एक होय. त्यात बोर आहे, भिरंड आहे, करवंद आहे, जांभूळ आहे आणि जगमही आहे. भिरंडाचे त्याने ब्रिंदांव केले, करवंदाचे कारांदा केले, तरी मूळ आवाज लपत नाही. पुढे युरोपातील शास्त्रज्ञांनी वनस्पतींना लॅटिन नावे दिली, तेव्हा करवंदाचे नाव कॅरिसा कॅरंडास आणि जगमाचे फ्लाकोर्शिया जंगोमास असे झाले. आपल्या डोंगरावर गुरे राखणाऱ्या पोरांच्या तोंडचे शब्द आज जगभरच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत आहेत. भिरंडाला शास्त्रात गार्सिनिया म्हणतात, ते मात्र या गार्सियावरून नव्हे, लोराँ गार्सें या दुसऱ्याच एका निसर्गसंशोधकावरून. हा घोटाळा पुष्कळ जण करतात. मीही एका भाषणात केला होता.

असो. ग्रंथातून आता डोंगरावर येऊ.

आमच्या घराच्या मागे एक टेकडी होती. 'होती' हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. वरचा भाग जांभ्या दगडाचा उघडा सडा, उतारावर करवंदीच्या जाळी, मधून मधून तोरणाच्या वेली चढलेल्या, आणि खाली ओहोळाच्या कडेला दोन जांभळीची झाडे. एप्रिल उजाडला की आम्ही मुले दुपारी घरात सापडत नसू. करवंद फोडून आत लाल निघाले तर कोंबडा आणि फिके निघाले तर कोंबडी, हा खेळ तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी खेळला असेल. पण त्या खेळापेक्षाही मोठी विद्या आमच्यापाशी होती. कोणत्या जाळीचे करवंद मोठे पण आंबट, कोणत्या जाळीचे लहान पण साखरेसारखे, कोणत्या जाळीला चीक कमी, हे आम्हाला पाठ होते. दगडाच्या खुणेवरून, ओहोळाच्या वळणावरून आम्ही ती जाळी अंधारातही शोधली असती. ही विद्या आम्हाला दिली होती शेजारच्या आजीने. ती दर शुक्रवारी करवंदे घेऊन म्हापशाच्या बाजाराला जाई. नदीकडची जाळी आणि सड्यावरची जाळी यांची फळे ती कधी एका टोपलीत घालत नसे.

त्या टेकडीवर आज चिऱ्यांची खाण आहे. मी कोणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. घरांना चिरे लागतात, ते आकाशातून पडत नाहीत. परंतु माझ्या मनाला टोचणारी गोष्ट निराळीच आहे. आमच्या परसाला आजोबांनी लावलेली करवंदीची वई होती. अकरा वर्षांपूर्वी सीमेवरून शेजाऱ्यांशी थोडी बोलाचाली झाली, तेव्हा मी वई तोडून चिऱ्यांची भिंत घातली. ते चिरे त्याच टेकडीवरून आले. म्हणजे टेकडीवरची करवंदे ज्या दगडासाठी गेली, त्याच दगडासाठी परसातली करवंदेही गेली. आणि दुसऱ्या कामाला हात माझा होता. भिंत पुरी झाली त्या दिवशी आजी काठी टेकीत आली, भिंतीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "पुता, भिंत बरी झाली. पण हिला फळ कधी लागणार?" मी हसलो. त्या वर्षी मे महिन्यात माझ्या मुलीने करवंदे मागितली आणि मला ती बाजारातून विकत आणावी लागली, तेव्हा हसू आले नाही.

आजी आता नाही. सड्यावरची गोड जाळी कोणती होती हे जाणणारी माणसे आमच्या वाड्यावर आता आम्ही तिघे-चौघेच आहोत आणि ती जाळी तर नाहीच. करवंद जगातून नाहीसे झाले असे नव्हे. सह्याद्रीत ते उदंड आहे. पण आपल्या गावची जी पारखलेली जाळी असते, पिढ्यान् पिढ्या जिभेने निवडलेली, ती एकदा गेली की दुसऱ्या गावच्या करवंदाने ती परत येत नाही. बीपासून उगवणारी करवंदी प्रत्येक निराळी. आकार निराळा, आंबटपणा निराळा. म्हणूनच मी घाई करतो आहे. तुमच्या गावच्या डोंगरावर आज अजून जाळी आहेत आणि त्या ओळखणाऱ्या आजीही आहेत. समोरच्या रांगेत मला दोघी-तिघी दिसतातच.

आता कृतीकडे वळू.

पहिले काम खाण्याचे आहे. या आठवड्यात आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत डोंगरावर जाल, तेव्हा घरातील वडीलधाऱ्या बाईला बरोबर न्या. चालवत नसेल तर फळे आणून त्यांच्या हातावर ठेवा. ज्या जाळीचे फळ पसंत पडेल तिला चिंधी बांधून ठेवा. मुलांना हे काम फार आवडते. मग त्या जाळीची पूर्ण काळी झालेली फळे घ्या. लालसर फळ लोणच्याला चांगले, बियाण्याला नव्हे. फळ पाण्यात चुरगाळावे, गर आणि चीक धुऊन काढावा. आत चार-पाच चपट्या बिया निघतात. त्या राखेत चोळून पुन्हा धुतल्या तर चिकटपणा जातो. एक दिवस सावलीत कागदावर पसराव्यात आणि लगेच पेराव्यात.

या 'लगेच' शब्दावर मी थोडा थांबतो, कारण माझे पहिले वर्ष त्याच शब्दाने वाया गेले. भात, भेंडी, मिरची यांचे बी आपण वाळवून डब्यात ठेवतो आणि पुढच्या हंगामी पेरतो. मी तसेच करवंदाचे बी खडखडीत उन्हात वाळवले, बाटलीत भरले, वर चिठ्ठी चिकटवली आणि पुढच्या जूनमध्ये मोठ्या हौसेने पेरले. पन्नास-साठ बियांपैकी एकही उगवली नाही. पुढे एका कृषी अधिकाऱ्यांनी समजावून सांगितले की आपल्या रानातील पुष्कळशा फळांचे बी असेच असते. फळ पिकते वळवाच्या तोंडी आणि बी रुजते पहिल्या पावसात. मध्ये फारसा काळ जाऊ द्यायचा नाही, अशी निसर्गाचीच योजना आहे. जांभळाचे बी तर दोन आठवड्यांतच निकामी होऊ लागते. तेव्हा बी पाठवायचे असो, वाटायचे असो, ते ओलसर मातीत वा राखेत गुंडाळून त्याच आठवड्यात वाटावे.

पिशवी विकत घ्यावयाची गरज नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, तळाला चार भोके पाडून वापराव्यात. दोन भाग तांबडी माती, एक भाग रेती, एक भाग कुजलेले शेणखत. बी बोटाच्या पेराइतकेही खोल नको, अर्धा पेर पुरे. एकेका पिशवीत दोन बिया टाकून आडोशाला, अर्धवट उन्हात ठेवाव्यात. दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसू लागतात. दोन्ही उगवल्या तर सशक्त रोप ठेवून दुसरे काढावे. पावसाळ्यात पाणी साठून रोपे कुजणार नाहीत एवढे पाहिले की झाले. पिशव्या जमिनीवर न ठेवता चिऱ्यांवर ठेवाव्यात, म्हणजे मुळे खाली जमिनीत शिरत नाहीत. एक वर्ष त्यांना पिशवीतच राहू द्यावे. यंदाच्या बियांची रोपे पुढच्या वर्षी मृगाच्या पावसात लावावीत.

फलोत्पादनाची घाई असेल त्यांना गुटी कलमाचा मार्ग आहे. पावसाळ्यात जाळीच्या पेन्सिलीएवढ्या फांदीची साल बांगडीएवढी काढून तेथे ओले शेवाळ बांधतात आणि मुळे फुटल्यावर फांदी कापून लावतात. याचा लाभ असा की फळ हुबेहूब आईसारखे येते. गावची गोड जाळी जशीच्या तशी घरी आणावयाची असेल तर हाच खरा उपाय. पण त्याला हात बसावा लागतो. माझ्या पहिल्या आठ गुट्यांपैकी दोनच लागल्या. काडी नुसती मातीत खोचून करवंद सहसा लागत नाही, तो नाद करू नये. आणि डोंगरावरचे झुडूप मुळासकट उपटून आणण्याचा विचार तर मनातही आणू नये. त्याचे मूळ जांभ्याच्या फटीत खोल गेलेले असते. ते तुटते, झुडूप परसात वाळते आणि डोंगरावरचेही जाते. दोन्हीकडून तोटा. जेथे अभयारण्याची हद्द आहे, उदाहरणार्थ सत्तरीतील 1999 साली घोषित झालेले म्हादई अभयारण्य, तेथे फळ वा बी काहीही काढावयाचे नाही; तेथील मेवा तेथील जनावरांचा आहे.

रोप लावण्याची जागा निवडताना ऊन पाहावे. करवंदी सावलीत जगते, पण फळत नाही. जमीन कसदार हवी असे मुळीच नाही. ज्या कातळाळ कोपऱ्यात तुमचे काहीच होत नाही, तो कोपरा तिला द्यावा. वई करावयाची असेल तर दोन रोपांमध्ये दोन ते अडीच हात अंतर ठेवावे. हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल असा खड्डा एप्रिलमध्येच खणून उन्हात तापू द्यावा आणि पालापाचोळा व शेणखत घालून भरावा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी द्यावे लागते, बुंध्याशी पाला पसरला तर त्याहूनही कमी. त्यानंतर पाण्याची गरज संपते. नारळीला आपण जन्मभर पाणी घालतो. हिला दोन वर्षे घातले की पुरे. कोवळ्या रोपांना गुरे सोडत नाहीत, काटे पक्के होईपर्यंत भोवती शिरडी लावावी लागते. साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळ दिसू लागते. छाटणी करावयाची ती फळे संपल्यावर, पावसाच्या तोंडी. फुले फांद्यांच्या टोकांना येतात. दिवाळीत वई साफ दिसावी म्हणून कोणी कात्री चालवली, तर त्या वर्षीची करवंदे कात्रीबरोबर गेली असे समजावे.

काटा ही खरी अडचण आहे आणि ती मी लपवत नाही. करवंदीचा काटा जोडीने येतो, टणक असतो आणि पायात मोडला तर लवकर निघत नाही. म्हणून अंगणाजवळ, विहिरीच्या वाटेवर, मुले धावतात तेथे ती नको. परसाच्या बाहेरच्या अंगाला हवी. वईत साप येतात हीही तक्रार ऐकू येते. साप उंदरामागे येतो आणि उंदीर केरकचऱ्यामागे येतो. वईच्या बुडाशी कचरा टाकला नाही की निम्मे भय जाते. सीमेच्या वादाचे म्हणाल, तर ज्यांना भिंत हवी त्यांनी ती घालावी. जमिनीचे प्रश्न नाजूक असतात आणि वई दरवर्षी थोडी सरकते ही गोष्ट खरी आहे. मीसुद्धा माझी भिंत पाडलेली नाही. भिंतीच्या आतल्या बाजूला दीड हात सोडून मी रोपांची रांग लावली. सात वर्षे झाली. आता भिंत रस्त्यावरून दिसते आणि करवंदी घरातून दिसते. फेब्रुवारीत पांढरी फुले येतात तेव्हा संध्याकाळी जाईसारखा वास खिडकीतून आत येतो, हा लाभ मी हिशेबात धरला नव्हता.

करवंदावर मी इतका वेळ घेतला, कारण लहान परसाला तेच सर्वांत सोयीचे. इतरांविषयी थोडक्यात सांगतो. तोरण हे आधार घेऊन चढणारे काटेरी झुडूप. त्याची पांढरी, पिठूळ फळे मुलांना करवंदाइतकीच प्रिय असतात. पण तोरण पसरते फार, म्हणून मोठ्या परड्याच्या दूरच्या कोपऱ्यातच लावावे. जगमाच्या बाबतीत एक ध्यानात ठेवावे की त्यात बहुधा नर झाड निराळे आणि मादी झाड निराळे असते, तेव्हा एकच रोप लावून फळाची वाट पाहत बसू नये, तीन-चार लावावीत. जगम खाण्यापूर्वी दोन्ही तळहातांत हलके चोळून मऊ करतात. त्याने तुरटपणा जातो. ही रीत नव्या मुलांना ठाऊक नसते आणि ती पहिल्याच घासाला तोंड वाकडे करतात. जांभूळ हे झुडूप नव्हे, मोठा वृक्ष. घरापासून वीस-पंचवीस हात दूर लावावा, नाही तर जूनमध्ये अंगण, कपडे आणि शेजाऱ्यांचा स्वभाव हे तिन्ही जांभळे होतात. बीपासून फळ यावयास आठ-दहा वर्षे लागतात, कलमाला त्याच्या निम्मी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने, म्हणजे 1972 साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने, जांभळाची 'कोकण बहाडोली' आणि करवंदाची 'कोकण बोल्ड' अशा निवडक जाती दिल्या आहेत. जुने गोवे येथील केंद्रीय संशोधन संस्थेतही किनारपट्टीच्या फळझाडांवर काम चालते. अशी रोपे हवी असल्यास आपल्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करावी. विद्यापीठाची जात लावण्यात काही गैर नाही. मात्र तिच्या शेजारी एक तरी जाळी आपल्या डोंगराची असावी असे मला वाटते.

भिरंडाची गोष्ट मात्र सविस्तर सांगितली पाहिजे, कारण तीत माझे पैसे आणि आठ वर्षे बुडाली. एका रोपवाटिकेतून मी कलम म्हणून भिरंडाचे झाड आणले. कलमाचे पैसे मोजले. झाड सरळ, देखणे वाढले. आठव्या वर्षी फुले आली आणि घरात सगळ्यांना आनंद झाला. फुले गळून गेली, फळ एकही नाही. दुसऱ्या वर्षी तेच. मग जाणकाराला दाखवले. तो म्हणाला, हा नर आहे आणि हे कलमही नव्हे, बीचे रोप आहे. भिरंडातही नर-मादी झाडे वेगळी असतात, बीपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि फुले येईपर्यंत ओळखू येत नाहीत. म्हणून भिरंडाचे घ्यावे ते मादी झाडाच्या काडीचे मृदुकाष्ठ कलमच घ्यावे, आणि घेताना बुंध्याशी कलमाचा सांधा स्वतः डोळ्यांनी पाहावा, बोटाने चाचपावा. विक्रेत्याचा शब्द आणि पावती यांवर विसंबू नये. 'कोकण अमृता' आणि 'कोकण हातीस' या दापोलीच्या दोन जाती प्रसिद्ध आहेत. माझा नर मी तोडला नाही. परागासाठी तो उपयोगी आहे आणि शेजारी आता दोन खरी कलमे लावली आहेत. भिरंडाला कुळागरातली अर्धी सावली मानवते, म्हणून जेथे करवंदी रुसते तेथे भिरंड लावता येते.

माताभगिनींना फळांचे काय करावे हे मी सांगणे म्हणजे उलटी गंगा होय. तरी एक अनुभव सांगतो. करवंदाचा पाक वा जेली करताना सगळी फळे काळी पिकलेली घेतली तर ती नीट घट्ट बसत नाही. चौथा हिस्सा लालसर, अर्धी कच्ची फळे मिसळली की बसते, कारण घट्टपणा आणणारे द्रव्य कच्च्या फळात अधिक असते. आमच्या घरी हा शोध दोन पातेली पातळ पाक झाल्यावर लागला. कच्ची करवंदे चिरताना हातांना आणि विळीला खोबरेल लावले तर चीक चिकटत नाही. भिरंडाची सोले आपण करताच, पण बिया उकिरड्यावर जाताना मी पाहिल्या आहेत. भिरंडेलाचा गोळा घरात असला तर पायांच्या भेगांना दुसरे काही लागत नाही, हे आपल्या सासूबाईंना विचारा. आणि परसातले सगळेच फळ आपले असे धरू नये. पहाटे बुलबुल येतील, रात्री वटवाघळे येतील. त्यांनी टाकलेल्या बियांतूनच डोंगरावरच्या जाळी उगवल्या होत्या.

शिक्षकांपाशी माझे एक खास मागणे आहे. वृक्षारोपणाचा कार्यक्रम जूनमध्ये शाळाशाळांतून होतो. रोपे बाहेरून येतात, छायाचित्रे आमच्याच खात्याकडे येतात आणि पुढच्या जूनमध्ये पुष्कळदा त्याच खड्ड्यात नवे रोप लावण्याची पाळी येते. हे मी आमच्या खात्याचा माणूस म्हणून बोलतो आहे, तेव्हा रागावू नये. त्याऐवजी असे करता येईल का ते पाहावे: सुट्टी लागताना प्रत्येक मुलाला दोन रिकाम्या पिशव्या द्याव्यात आणि सांगावे की ज्या जाळीची करवंदे घरच्या आजीने सर्वांत गोड ठरवली, तिचे बी त्या पिशवीत लाव. शाळा उघडेल तेव्हा अंकुर घेऊन ये. पिशवीवर मुलाचे नाव नको, जागेचे नाव हवे. देवळामागची जाळी, ओहोळापलीकडची जाळी, अमक्या सड्यावरची जाळी. पुढच्या पावसात ती रोपे शाळेच्या आवाराभोवती त्याच नावांनिशी लावावीत. हजेरीपटासारखी एक वही ठेवावी आणि त्यात कोणत्या वाड्यावरच्या कोणत्या आजीने ती जाळी निवडली तेही लिहावे. मराठीच्या शिक्षकांना यात निबंधाचा विषय मिळेल, भूगोलाच्या शिक्षकांना गावचा नकाशा मिळेल. चतुर्थीत आपण माटोळीला डोंगरची फळेफुले बांधतो. कांगले, घागऱ्या, कवंडळे आणण्यासाठी आता कित्येकांना बाजार गाठावा लागतो. त्यांतील वेलींचे बीही याच वहीत आणि याच आवारात सामावता येईल, परंतु तो स्वतंत्र विषय आहे.

द्रोण आता मागच्या रांगेपर्यंत पोहोचलेला दिसतो आणि अध्यक्ष महोदय घड्याळाकडे पाहत आहेत. तेव्हा बियांचे सांगून थांबतो. ज्यांनी करवंद घेतले त्यांनी आपल्या बिया घरी गेल्यावर आजच धुवाव्यात. ही फळे कोणत्या जाळीची आहेत हे मी टोपलीवाल्या बाईंना विचारून घेतले आहे. तळ्याच्या बांधावरून वर गेले की डाव्या हाताला मोठा कातळ लागतो, त्याच्या मागची ती जाळी. तिला चिंधी बांधलेली नाही. उद्या सकाळी कोणी तिकडे जाणार असेल तर चिंधी माझ्यापाशी आहे, मेजावर पत्रकांच्या शेजारी ठेवतो.